तुम्ही बदललेली फाइल गेम वाचतोय तरी का?

मॉड, म्हणजे गेममध्ये बदल करणारी बाहेरची जोड, टाकणं हल्ली कोणालाही जमतं. मॉड मॅनेजरमध्ये बटण दाबलं, झिप उतरली, मॉड बसला, विषय संपला. खरी मजा कॉन्फिग फाइल, म्हणजे सेटिंग लिहिलेली टेक्स्ट फाइल, उघडल्यावर सुरू होते, आणि तिथे सगळ्यांचा प्रश्न एकच असतो, "व्हॅल्यू किती ठेवू?" माझं म्हणणं आहे की व्हॅल्यूचं नंतर बघू, आधी हे बघा की जी फाइल उघडून बसलाय ती गेम वाचतोय तरी का. कारण बरेचसे गेम या बाबतीत एकदम मुके असतात. चुकीच्या फाइलमध्ये बरोबर ओळ लिहा नाहीतर बरोबर फाइलमध्ये चुकीची ओळ लिहा, गेम काही म्हणजे काही बोलत नाही, आपली डिफॉल्ट व्हॅल्यू घेतो आणि सुरू होतो, आणि तुम्हाला वाटतं आकडा कमी पडला म्हणून तुम्ही तो अजून वाढवता, मग अजून वाढवता, आणि मग मॉडच्या पेजवर जाऊन "काम करत नाही" असं लिहून येता.

बेथेस्डाचा स्कायरिम हा गेम घ्या, कारण मॉडिंगचं जेवढं म्हणून गुंतागुंतीचं आहे ते सगळं तिथे एकत्र बघायला मिळतं. मूळ गेम २०११ चा, स्पेशल एडिशन २०१६ ची. गेम जिथे इन्स्टॉल झालाय त्या फोल्डरमध्ये गेलात तर तिथे लो, मीडियम, हाय, अल्ट्रा अशा नावांच्या आयएनआय फाइल (कॉन्फिगचाच एक प्रकार) दिसतात आणि नवीन माणूस हमखास त्यातलीच एक उघडून बसतो. त्या फक्त लाँचरचे ग्राफिक्स प्रीसेट आहेत. गेम ज्या फाइल वाचतो त्या डॉक्युमेंट्सच्या आत माय गेम्स, त्याच्या आत स्कायरिम स्पेशल एडिशन या फोल्डरमध्ये असतात. एक स्कायरिम डॉट आयएनआय, दुसरी स्कायरिमप्रेफ्स डॉट आयएनआय. जीओजी या ऑनलाइन स्टोअरवरून घेतलेला गेम असेल तर फोल्डरच वेगळं, नावाच्या शेवटी जीओजी लावलेलं. आणि डॉक्युमेंट्स क्लाउडला सिंक होत असेल तर विंडोजमध्ये दोन डॉक्युमेंट्स असू शकतात, एक जुनं तसंच पडून राहिलेलं आणि एक सिंकवालं, गेम एकात बघतो आणि तुम्ही दुसऱ्यात टाइप करत बसता. लिनक्सवर किंवा स्टीम डेकवर तर अजून मज्जा, तिथे प्रोटॉन प्रत्येक गेमसाठी वेगळं खोटं विंडोज उभं करतं, म्हणजे स्टीमच्या कॉम्पॅटडेटा फोल्डरमध्ये गेमच्या नंबरचं फोल्डर, स्पेशल एडिशनचा नंबर ४८९८३०, त्याच्या आत पीएफएक्स, त्याच्या आत सी ड्राइव्ह, युजर्स, स्टीमयुजर, आणि मग कुठे तुमचं डॉक्युमेंट्स येतं.

त्या दोन फाइलशिवाय तिसरीही एक असू शकते, स्कायरिमकस्टम डॉट आयएनआय. ही गेम स्वतः बनवत नाही, तुम्ही नोटपॅडमध्ये बनवायची, आणि हिच्यात जे असेल ते मूळ स्कायरिम डॉट आयएनआयच्या वर चढतं. मला हीच पद्धत आवडते कारण तुमचे बदल सगळे एका छोट्या फाइलमध्ये राहतात, मूळ फाइल उद्या डिलीट करून नवीन बनवली तरी तुमचं काही जात नाही. फॉलआउट ४ मध्येही अशीच कस्टम फाइल असते आणि तिथे तर ती जवळपास लागतेच, कारण आर्काइव्ह या सेक्शनखाली दोन ओळी टाकल्याशिवाय हाताने टाकलेल्या सुट्या टेक्श्चर फाइल गेम उचलत नाही. पण इथेच विंडोजची जुनी खोड आडवी येते. फाइल एक्स्टेन्शन लपवलेली असतील तर तुम्हाला स्क्रीनवर दिसतं स्कायरिमकस्टम डॉट आयएनआय आणि खरी फाइल असते स्कायरिमकस्टम डॉट आयएनआय डॉट टीएक्सटी. म्हणून एक्सप्लोररच्या व्ह्यूमध्ये जाऊन फाइल नेम एक्स्टेन्शनवर टिक करा, आत्ताच करा, मॉडिंग करा नाहीतर करू नका पण हे करून ठेवा.

आता मॉड मॅनेजर. मॉड ऑर्गनायझर २ वापरत असाल तर तो गेमच्या फोल्डरला हातच लावत नाही, गेम चालू असताना तेवढ्यापुरतं एक व्हर्च्युअल फोल्डर उभं करतो आणि गेमला सांगतो की बघ, सगळं इथेच आहे. आयडिया मस्त आहे, गेम स्वच्छ राहतो. पण म्हणूनच गेम मॅनेजरमधूनच चालू करायचा, थेट स्टीममधून चालू केलात तर गेमला एकही मॉड दिसत नाही. आणि दुसरं म्हणजे, त्यात प्रत्येक प्रोफाइलची वेगळी आयएनआय ठेवायची सोय आहे, ती चालू असेल तर डॉक्युमेंट्समधल्या फाइलमध्ये तुम्ही काय वाट्टेल ते लिहा, गेमपर्यंत ती पोचतच नाही, टूल्समधल्या आयएनआय एडिटरमधून एडिट करावी लागते. मॉड चालू असताना जी नवीन फाइल बनवतो ती ओव्हरराइट नावाच्या फोल्डरमध्ये जाते हेही लक्षात ठेवा, कारण बऱ्याच मॉडच्या कॉन्फिग पहिल्यांदा चालवल्यावरच जन्माला येतात आणि लोकं त्या मूळ मॉडच्या फोल्डरमध्ये शोधत बसतात.

मग गेम वाचतोय की नाही हे कळणार कसं? सोपं आहे, असा बदल करा जो आंधळ्यालाही दिसेल. पाच टक्के डॅमेज वाढवून फरक पडला का हे खेळून बघू नका, तुम्हाला ते कधीच नीट कळणार नाही, मन जे ठरवेल तेच दिसेल. स्कायरिममध्ये माझी आवडती टेस्ट म्हणजे जनरल सेक्शनखाली एसइंट्रोसीक्वेन्स ही की (म्हणजे सेटिंगचं नाव) टाकून पुढे व्हिडिओच्या नावाऐवजी भलतंच काहीतरी लिहायचं. पुढच्या वेळी गेम उघडताना कंपनीचा लोगो गायब झाला म्हणजे फाइल वाचली जातेय, लोगो आला म्हणजे तुम्ही चुकीच्या जागी बसलाय, उठा आणि फोल्डर शोधा. जुन्या जीटीएमध्ये, म्हणजे व्हाइस सिटी किंवा सॅन अँड्रियासमध्ये, डेटा फोल्डरमधल्या हँडलिंग डॉट सीएफजीत एखाद्या गाडीचं मास, म्हणजे वजन, असं काही करून ठेवायचं की ट्रकला धडकल्यावर ट्रकच उडेल. उडाला की मग शांतपणे खरा आकडा शोधायला बसा. त्या फाइलमध्ये कीची नावं नसतात बरं का, प्रत्येक गाडीची एक ओळ आणि ओळीत नुसते आकडे, कितवा आकडा कशाचा हे वरच्या कॉमेंटमध्ये लिहिलेलं असतं, एक आकडा चुकून खोडला की पुढचे सगळे एक घर सरकतात आणि ब्रेकचा आकडा भलतीकडेच जाऊन बसतो.

युनिटीवर बनलेले गेम असतील तर बहुतेक वेळा बेपइनएक्स हा मॉड लोड करणारा प्रोग्राम लागतो, आणि त्याची टेस्ट तर आयती आहे. त्याच्या कॉन्फिग फोल्डरमध्ये बेपइनएक्स डॉट सीएफजी असते, त्यात लॉगिंग डॉट कन्सोल सेक्शनखाली एनेबल्ड फॉल्स असतं, ते ट्रू करा. गेम चालू करताना काळी खिडकी उघडली तर एका दगडात दोन पक्षी, बेपइनएक्स लोड होतोय आणि कॉन्फिगही वाचतोय. नाही उघडली तर प्लगइनच्या कॉन्फिगमध्ये डोकं घालण्यात काही अर्थ नाही, मूळच लागलेलं नाही. प्रोटॉनवर हे हमखास होतं कारण बेपइनएक्स विनएचटीटीपी नावाच्या डीएलएल फाइलच्या मार्फत आत शिरतो आणि प्रोटॉनच्या आतल्या वाइनला ती गेमच्या फोल्डरमधली घे असं सांगावं लागतं, स्टीमच्या लाँच ऑप्शनमध्ये एक ओळ टाकून.

बेपइनएक्सच्या सीएफजी फाइल मला सगळ्यात सभ्य वाटतात. प्रत्येक सेटिंगच्या वर ती काय करते, कुठल्या प्रकारची आहे, डिफॉल्ट किती, काय काय चालतं, सगळं कॉमेंटमध्ये लिहिलेलं. बेथेस्डाच्या गेममध्ये असं काही नाही पण तिथे कीच्या पहिल्या अक्षरातच अर्धं उत्तर असतं. नाव बीने सुरू होत असेल तर हो किंवा नाही, म्हणजे १ किंवा ०. आय असेल तर पूर्णांक, यू असेल तर पूर्णांकच पण उणे नाही, एफ असेल तर दशांश, एस असेल तर मजकूर. एवढं माहीत असलं की बी वाल्या कीसमोर ०.५ लिहिण्याचा उद्योग कोणी करणार नाही. माइनक्राफ्टचे मॉड चालवणाऱ्या जुन्या फोर्जमध्येही, १.१२ पर्यंत, अशीच अक्षरं असायची, बी, आय, डी, एस आणि मग कोलन. १.१३ पासून फोर्ज टॉमल या प्रकारच्या फाइलवर गेला, फॅब्रिक या दुसऱ्या लोडरचे मॉड बरेचदा जेसन वापरतात, स्टारड्यू व्हॅलीत तर जेसनच. म्हणजे एकाच माणसाने तीन गेमचे मॉड टाकले तर तीन वेगळ्या प्रकारच्या फाइल, आणि एकीचे नियम दुसरीला लागू नाहीत.

आयएनआयमध्ये सगळ्यात जास्त वेळ कशात जात असेल तर सेक्शनमध्ये. चौकटी कंसातलं नाव म्हणजे सेक्शन आणि त्याच्या खाली जे येईल ते त्याचं. लोकं कुठूनतरी एक ओळ कॉपी करतात आणि फाइलच्या तळाशी चिकटवतात. ती ओळ मग जो शेवटचा सेक्शन असेल त्यात जाते, गेम ती की डिस्प्ले सेक्शनमध्ये शोधतो आणि ती बसलेली असते भलत्याच सेक्शनमध्ये, एरर शून्य, परिणामही शून्य. ओळ कॉपी करताना तिच्या डोक्यावरचा कंस पण बघा. तो सेक्शन फाइलमध्ये आधीच असेल तर त्याच्या खाली टाका, परत नवीन बनवू नका.

जेसनचं उलट आहे, तिथे एक कॉमा राहिला की अख्खी फाइल बाद. पण मला विचाराल तर हे बरं, निदान ओरडतो तरी. स्टारड्यूमध्ये मॉड लोड करणाऱ्या एसएमएपीआयची काळी खिडकी लाल अक्षरात सांगते की अमुक फाइल वाचता येत नाही, आणि फाइलमध्ये वळणदार अवतरणचिन्हं सापडली तर तेही सांगते. ती वळणदार चिन्हं येतात कुठून, तर चॅटमधून नाहीतर वर्डमधून कॉपी केल्यावर. म्हणून कॉन्फिग नेहमी साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडायची, नोटपॅड प्लस प्लस घ्या, व्हीएस कोड घ्या, वर्ड बिलकुल नाही. जेसनमध्ये विंडोजचा पाथ लिहायचा असेल तर उलटा स्लॅश दोनदा लिहावा लागतो, एकदाच लिहिला तर तो पुढच्या अक्षराशी संगनमत करून काहीतरी वेगळंच बनवतो. यामल या प्रकारची फाइल असेल तर टॅब बंद, फक्त स्पेस. आणि दशांश चिन्ह सगळीकडे टिंबच, कॉमा टाकलात तर ०,५ चा पुढचा भाग गळून नुसतं शून्य उरू शकतं.

एक आपल्या लोकांसाठी खास. या पोस्टमध्ये मी आकडे मराठीत लिहितोय, फाइलमध्ये असलं काही करू नका. कीबोर्ड मराठीवर राहिला आणि पाच टाइप केला की देवनागरी ५ उमटतो, तुम्हाला तो बरोबर दिसतो, गेमला तो आकडाच वाटत नाही. तसंच विंडोजच्या युजरचं नाव देवनागरीत असेल तर त्याच्या फोल्डरचा पाथही देवनागरीत होतो आणि जुनी मॉडिंग टूल्स तिथे गडबडतात. मराठीचा अभिमान आहेच, पण गेम सरळ एका वेगळ्या फोल्डरमध्ये टाका ज्याच्या पाथमध्ये इंग्रजी अक्षरं सोडून काही नाही. प्रोग्राम फाइल्समध्येही नको, तिथे परमिशनची कटकट असते आणि काही जुन्या गेमचं लिहिलेलं विंडोज गुपचूप व्हर्च्युअलस्टोअर नावाच्या फोल्डरमध्ये वळवतं, म्हणजे परत तेच, फाइल दोन आणि तुम्ही चुकीची उघडलेली.

फाइल कोण वाचतं हे झालं, आता ती लिहितं कोण? कारण तुम्ही एकटेच लिहिता असं नाही. स्कायरिमच्या लाँचरमध्ये ग्राफिक्सचा प्रीसेट बदललात की तो प्रेफ्स फाइल स्वतः लिहितो आणि तुमचे आकडे गेले. बेपइनएक्सचा प्लगइन गेम चालू असताना स्वतःची सेटिंग फाइलमध्ये सेव्ह करू शकतो, त्यामुळे गेम मागे चालू ठेवून अल्ट टॅबने एडिट केलेलं पुसलं जाऊ शकतं. फोर्जला टॉमलमध्ये न पटणारी व्हॅल्यू दिसली तर तो ती दुरुस्त करून परत डिफॉल्ट टाकतो आणि लॉगमध्ये, म्हणजे गेमच्या नोंदींच्या फाइलमध्ये, तेवढी एक ओळ लिहितो, जी कोणी वाचत नाही. तर गेम पूर्ण बंद, मग एडिट, मग सेव्ह, मग चालू. बरेच जण यावर उपाय म्हणून फाइल रीड ओन्ली करून टाकतात. करता येतं, पण मग गेमच्या मेनूतून बदललेली सेटिंग पण टिकत नाही आणि महिन्याभराने आपणच डोकं खाजवत बसतो, त्यामुळे मी तरी ते शेवटचा उपाय म्हणूनच ठेवतो.

आणि काही सेटिंग फाइलमध्ये नसतातच! स्कायरिममध्ये स्काययूआय या मॉडने मॉडच्या सेटिंगसाठी एमसीएम मेनू आणला, तिथे जे बदलता ते सहसा सेव्हमध्ये जातं, आयएनआयमध्ये शोधून सापडणार नाही, नवीन कॅरॅक्टर घेतलं की सगळं परत करा. एमसीएम हेल्पर वापरणारे मॉड मात्र ते आयएनआयमध्ये ठेवतात, म्हणून दोन्ही असतील तर कुठला मॉड कुठल्या जातीचा हे त्याच्या पेजवर बघून घ्या. फोर्जमध्येही बऱ्याच व्हर्जनला काही कॉन्फिग मुख्य कॉन्फिग फोल्डरमध्ये नसून त्या त्या वर्ल्डच्या सेव्हमध्ये सर्व्हरकॉन्फिग नावाच्या फोल्डरमध्ये असतात, एका वर्ल्डमध्ये केलेला बदल दुसऱ्यात दिसत नाही, नवीन प्रत्येक वर्ल्डला तोच हवा असेल तर डिफॉल्टकॉन्फिग्समध्ये टाकावा लागतो.

सेव्हचं नाव निघालंच आहे तर यूग्रिड्सटूलोडबद्दल बोलायलाच हवं. तुमच्या आजूबाजूचा किती प्रदेश पूर्ण जिवंत लोड करायचा ते ही की ठरवते. डिफॉल्ट ५, म्हणजे पाच बाय पाच, पंचवीस सेल (नकाशाचे चौकोन). विषम आकडाच चालतो. ७ केला की एकोणपन्नास, म्हणजे जवळजवळ दुप्पट, आणि नुसती झाडं नाही, तिथले एनपीसी (गेमने चालवलेली पात्रं) आणि त्यांचे स्क्रिप्टही जागे होतात, जे क्वेस्ट तुम्ही जवळ गेल्यावर सुरू व्हायला हवेत ते लांबूनच सुरू होतात. दूरचं सुंदर दिसावं म्हणून लोकं हा वाढवतात, खेळतात, सेव्ह करतात, आणि मग परत ५ केला की तो सेव्ह क्रॅश व्हायला लागतो. दूरच्या दृश्यासाठी एलओडीचे, म्हणजे लांबच्या गोष्टी साध्या रूपात दाखवणारे, मॉड आहेत, डिनडोलॉड आहे, ते वापरा, याला हात लावू नका. चुकून कुठल्या रेडीमेड आयएनआयमध्ये ७ किंवा ९ दिसला तर ती फाइल तशीच्या तशी घेऊ नका, ती बनवणाऱ्याच्या बाकीच्या आकड्यांवरही माझा भरवसा बसणार नाही.

याच्या उलट उदाहरण म्हणजे हॅवोक सेक्शनमधलं एफमॅक्सटाइम. स्कायरिमचं फिजिक्स फ्रेमरेटला (सेकंदाला किती फ्रेम, म्हणजेच एफपीएस) बांधलेलं आहे, ६० च्या वर गेलात की टेबलावरची भांडी आपोआप उडायला लागतात आणि सुरुवातीची घोडागाडी वेड्यासारखी उसळते. या कीची व्हॅल्यू म्हणजे एक भागिले तुमचा एफपीएस. ६० ला ०.०१६७, १४४ ला ०.००६९. ही समजून टाकायची व्हॅल्यू आहे, कोणाची तरी कॉपी केलीत आणि त्याचा मॉनिटर वेगळा असला तर तुमची भांडी उडणारच.

एवढं करून काही चालेना तर लॉग उघडा. बेपइनएक्सचा लॉगआउटपुट डॉट लॉग त्याच्याच फोल्डरमध्ये, एसकेएसईचा, म्हणजे स्कायरिमच्या स्क्रिप्ट एक्स्टेंडरचा, माय गेम्समधल्या स्कायरिमच्या फोल्डरच्या आत एसकेएसई फोल्डरमध्ये, माइनक्राफ्टचा लॉग्समध्ये लेटेस्ट डॉट लॉग. सगळा वाचू नका, मॉडचं नाव सर्च करा. नावच सापडलं नाही तर मॉड लोडच झालेला नाही, कॉन्फिग निर्दोष आहे, तिला छळू नका. एसकेएसई प्लगइनच्या बाबतीत बहुतेक वेळा गेमचं व्हर्जन आणि डीएलएलचं व्हर्जन जुळत नसतं, गेम स्टीमने रात्रीतून अपडेट केलेला असतो. मदत मागायला गेलात तरी पहिला प्रश्न लॉगचाच येतो, तर आधीच जोडा, "गेम चालत नाही" एवढंच लिहिणाऱ्याला कोणी काय सांगणार. आणि एका वेळी एकच बदल करा हो, दहा मॉड आणि चार फाइल एकदम बदलून मग कशाने क्रॅश होतंय हे शोधणं म्हणजे स्वतःचाच सूड उगवणं आहे. स्टारड्यूमध्ये एखादा मॉड तात्पुरता बंद करायचा तर त्याच्या फोल्डरच्या नावाआधी टिंब लावा, एसएमएपीआय ते फोल्डर सोडून देतो, डिलीट करायची गरज नाही.

मॉडचं मोठं अपडेट आलं की जुनी कॉन्फिग तशीच पुढे ओढत नेऊ नका. नवीन व्हर्जनमध्ये कीची नावं बदललेली असतात, काही नवीन आलेल्या असतात, आणि जुन्या नावाच्या ओळी फाइलमध्ये नुसत्या पडून राहतात, दिसायला बरोबर, कामाला शून्य. जुन्या फाइलला वेगळं नाव द्या, मॉड स्वतःची फाइल स्वतः बनवणारा असेल तर गेम एकदा चालू करून बंद करा की नवीन कोरी बनते, झिपमधून येणारी असेल तर नवीन झिपमधली घ्या. मग दोन्ही विनमर्ज या फाइलची तुलना करणाऱ्या टूलमध्ये शेजारी शेजारी उघडून फक्त तुम्ही मुद्दाम बदललेले आकडे हाताने इकडून तिकडे न्या. तुम्ही मुद्दाम बदललेले कुठले हे आठवत नसेल तर त्यासाठीच आयएनआयमध्ये सेमीकोलन आणि टॉमल, बेपइनएक्सच्या सीएफजीत हॅश लावून कॉमेंट लिहायची सोय आहे, तारीख आणि कारण, दोन शब्द पुरतात. फक्त बेपइनएक्स आणि फोर्ज फाइल परत लिहितात तेव्हा तुमच्या कॉमेंट त्यात टिकतीलच असं नाही, त्यांच्यासाठी मी शेजारी एक साधी टीएक्सटी ठेवतो, आणि हो, तिचं एक्स्टेन्शन मात्र खरोखरच टीएक्सटी असतं.